दाराखालची बोटभर फट

नाही हो झुलालभाऊ, दार चांगलंच बसलंय — तुमच्या कामाला नाव ठेवायला नाही बोलावलं मी. बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इथं पलंगावर बसा. पाणी घ्या. हां. आता ते दार लोटा, पूर्ण लोटा — गेला आवाज? गेला ना. बाहेर अख्खा हायवे पळतोय, आणि इथं काय ऐकू येतं? ते घड्याळ. आणि माठ ठिबकतो, खालच्या वाटीत, ते. जुनं पत्र्याचं दार होतं तोवर मला माहीतच नव्हतं माठ ठिबकतो म्हणून. ट्रक गेला की पत्रा थरथरायचा, पत्र्याबरोबर कडी, कडीबरोबर माझे दात — माठाचं कोण ऐकतं? इतकं चांगलं दार आहे तुमचं. म्हणूनच म्हणतो — खालची ती रबराची पट्टी काढून टाका, आणि दार खालून बोटभर तासून द्या. बस, एवढंच काम.

असं बघू नका. डोकं ठिकाणावर आहे माझं.

प्रशीलने तुम्हाला फोन केला होता ना, पुण्याहून — माझ्या मुलाने? जड दार पाहिजे, चौकटीला चहूबाजूंनी रबर पाहिजे, खाली फट नको — सगळं त्यानेच सांगितलं. खरं म्हणजे तो यायचा होता, बुद्धपौर्णिमेला. सुट्टी नाही मिळाली. तो यायचा होता, त्याऐवजी दार आलं. नाही, नाही, तक्रार नाही करत मी. त्याचं बरोबर होतं. फोन केला की त्याला ट्रकच ऐकू यायचे. म्हणायचा, बाबा, तुमचं काही ऐकूच येत नाही, मी नंतर करतो. मग नंतर पण ट्रक. हायवे रुंद झाल्यापासून तर रात्र नाही, दिवस नाही. तेव्हा तो म्हणाला, थांबा, मी दाराचंच करतो काहीतरी, मग आपण निवांत बोलू.

निवांत. हां.

आता कसं सांगू तुम्हाला — मी जळगावला डाळ मिलमध्ये होतो, जन्मभर. चाळणीवर. तुम्ही कधी चालू मिलमध्ये आत गेलात का? नाही? तिथं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही हाताने बोलायचो. दोन बोटं ओठाला — चहा. मनगट फिरवलं — पोतं बदल. पोटावरून हात फिरवला — झालं जेवण. आणि पंजा असा छातीवर ठेवून पुढे केला, की — मी आहे इथं, तू जा. जो थकला त्याला सांगायचं ते. मला तर हेच जास्त आवडायचं बघा. शाळा नाही झाली माझी, बोलायला सुधरत नाही — हाताने मात्र मी झकास बोलायचो. पंडित म्हणून एक होता जोडीला, तो म्हणायचा, यादव, तुझं तोंड आहे ते फक्त भाकरीसाठी. प्रशील लहान असताना डबा घेऊन यायचा फाटकाशी. मी आतून असा पंजा करायचो — मी आहे, तू जा, शाळेत जा. तो पण करायचा, तेवढ्याशा हाताने. हसत हसत जायचा.

आता हाताने बोलायची सवय फोनवर काय कामाची, सांगा.

ती होती तोवर अडलं नाही. लिलाबाई — माझी मंडळी. फोन तिच्या कानाला, मी बाजूला बसून हात करायचो, आणि ती तिकडे सांगायची — तुझे बाबा म्हणतात, थंडी आहे, स्वेटर घाल. तुझे बाबा म्हणतात, रात्री गाडी चालवू नको. मी तसं म्हटलेलं नसायचं हो कधीकधी! मी नुसतं म्हणायचो, ठेव आता, जेवायला दे. पण ती जे सांगायची ना, तेच मला म्हणायचं असायचं. नंतर कळायचं. ती गेली, आणि फोन माझ्या हातात आला.

पण तेव्हा ट्रक होते. तो म्हणायचा, बाबा, जेवलात का — मी म्हणायचो, काय? तो म्हणायचा, काय? मी म्हणायचो, ट्रक जातोय रे! तो हसायचा, मी हसायचो, ठेवायचो. आणि दिवसभर बरं वाटायचं, की बोलायचं होतं खूप, ट्रकने बोलू नाही दिलं.

मग तुमचं दार बसलं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी फोन आला त्याचा. मी दार लावलं, पलंगावर बसलो, इथंच. तो म्हणाला, वा बाबा, काय शांत आहे! मी म्हटलं, हो. तो म्हणाला, जेवलात का? आणि मी — आता हसू नका — मी पोटावरून हात फिरवला. तो म्हणतोय, हॅलो? हॅलो बाबा? मी परत हात फिरवला. इतकं शांत होतं ना, की मला वाटलं, समोरच आहे तो. मग भानावर आलो, म्हटलं, जेवलो. आणि पुढे काय, झुलालभाऊ? पुढे काही नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला माझा येत असेल. मी शोधत होतो काहीतरी, तो पण शोधत होता. शेवटी तो म्हणाला, बाबा, माठ ठिबकतोय का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, बरं. ठेवला.

आधी ट्रकमुळे ठेवायचा. आता कशामुळे ठेवला? ते मलाही कळलं आणि त्यालाही. आता फोन येतो, पण बऱ्याच बऱ्याच दिवसांनी येतो.

काय म्हणता? व्हिडिओचा फोन? दिला होता ना त्याने. आहे कपाटात. माझी बोटं चालत नाहीत त्याच्यावर — डाळीने घासून घासून रेघा गेल्या बोटांच्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, तर ती काच काय ओळखणार मला?

आणि ती समोरची दीपमाला — पिंपळनेरकडची, तिकडचंच बोलते — रोज भाजीची वाटी आणून द्यायची. ती यायची बंद झाली. मला वाटलं, माझं काही चुकलं. नळावर भेटली तर म्हणते, नाना, माले वाटनं तुम्ही पुनाले गयात! बरोबर आहे तिचं. आमच्या गल्लीत दिवसा दार लावलेलं म्हणजे घरात माणूस नाही. माझ्या नावाचं भरीत शेजारच्या मांजरीने खाल्लं. मी आत, मांजर बाहेर.

मग दार उघडं ठेवा म्हणता? ठेवतो दिवसा. पण फोनच्या वेळी एकदा ठेवलं मुद्दाम उघडं, तर तो लगेच — बाबा, एवढं बसवलंय, लावा ना. लावलं. उघडं ठेवलं तर मी ठेवलं असं होतं ना. दारातूनच थोडा आवाज आला, तर त्याचंही चुकलं नाही, माझंही नाही. म्हणून म्हणतो, बोटभर. त्याने विचारलंच तर सांगा, लाकूड आकसलं, आमच्याकडचं ऊन तसलं — तुमचं नाव खराब होतं, खरं आहे. तुम्ही खोटं कशाला बोलाल. ते पण खरं. मीच सांगेन. मीच सांगेन की मी —

वाजला. थांबा. चष्मा कुठे — त्याचाच आहे. झुलालभाऊ, उठा, दार उघडा. आजच्या दिवस. पूर्ण उघडा.

हां प्रशील, बोल. हो, जेवलो. काय? ट्रक रे. दार? ते — झुलालभाऊ आलेत ना, बघतायत काय झालं ते. काय? नाही ऐकू येत. काय? — हा बघा झुलालभाऊ, कंटेनर येतोय, मोठा, भुसावळकडून. आता काही बोललं तरी चालतं, मिलमध्ये चालायचं तसं — प्रशील, करमत नाही रे मला. तुझी आई काय काय बोलायची तुझ्याशी, मला नाही येत तसं. मी इथं भिंतीला हात करतो. तू ये ना एकदा. दार बघायला ये —

गेला वाटतं कंटेनर. हॅलो? नाही, काही नाही, ट्रकचंच म्हणत होतो. हॅलो? प्रशील?

कुठपासून ऐकलंस?

झुलालभाऊ — दार लावा. नाही, आतून नको, तुम्ही बाहेर व्हा आणि ओढून घ्या, घट्ट. तो काहीतरी म्हणतोय, मला नीट ऐकू येत नाहीये. पट्टी राहू द्या ती. जा आता तुम्ही — लावा ना दार.