साचा आधी घेतात

— नाही नाही, आता बोलायचं नाही, ओठ हलले की लेपाला सुरकुती पडते आणि ती साच्यात उतरली की कायमची — अंगठा वर केला की ठीक, पंजा उघडला की थांबवायचं, पुढची वीस मिनिटं एवढी दोनच वाक्यं तुझ्याकडे. तू म्हटलं तर चालेल ना? अंगठा. बरं झालं, भुवयांना व्हॅसलीन चोळून झाल्यावर कुणाला ‘तुम्ही’ म्हणणं जिवावर येतं. नाकपुड्या मोकळ्या आहेत, कानही मोकळे, फक्त डोळे-तोंड बंद. वरच्या प्लास्टरच्या पट्ट्या जरा गरम लागतील, घाबरू नकोस. मी एरवी इतकी बोलत नाही हं. सासूबाई तर माझी ओळखच ‘आमची सून, अगदी गरीब’ अशी करून देतात — जशी काही गाय विकायला काढलीय. इथे कसं, समोरच्याला उत्तर देता येत नाही, म्हणून मला सुचतं.

तुला काय सांगितलंय, साचा कशाला? स्वप्नातल्या प्रसंगासाठी? अंगठा. हं — सगळ्यांना तेच सांगतात. आता हे मी बोलायला नको होतं, पण निघालंच तोंडातून तर ऐक. बावीस भागांचा सीझन, आठवड्याला एक. भुताची गोष्ट बावीस आठवडे ताणायची म्हणजे काय खायचं काम आहे? पहिले चार भाग सुटेसुटे — एक भूत आलं, एक गेलं, लोक चटावले. पाचव्यात बारीकशी खूण — आरशात पाठमोरी बाई, बस्स, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मग आठ ते सोळा नुसतं पाणी — कुणाची स्मृती जाते, कुणी इस्पितळात पडतं, दार आपोआप उघडतं तर आत मांजर. लोक शिव्या घालतात पण बघतात, कारण त्या बाईची मान अजून वळलेली नसते. आमचे हे म्हणतात, हे पाणी घालणं हेच खरं काम — माणूस कंटाळून बेसावध झाला पाहिजे, त्याशिवाय भीती आत शिरत नाही. सतराव्यापासून उतार, आणि शेवटच्या भागात ज्याचा साचा घेतलेला असतो ते पात्र मरतं. प्रेताचा पुतळा करायला मला तीन आठवडे लागतात ना, म्हणून साचा आधी घेतात. तुम्हा नटांना पानं मिळतात आदल्या दिवशी. तेव्हा — संपतंय बाई तुझं काम. अगं, भुवया आक्रसू नकोस!

हो, आमचे हे म्हणजे तेच, तुमचे लेखक. माहीत नव्हतं? मी मागच्या जिन्याने येते, कुणालाच माहीत नसतं. आमचं लग्न झालं त्याच आठवड्यात ह्या सीझनचा पहिला भाग सुरू झाला. आणि तू करतेस ती नवी सून — कपाला दोन्ही हात लावून चहा गार करत बसते, जिन्यात पायऱ्या मोजते — ती मी आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा गुदगुल्या झाल्या मला. म्हटलं, चला, नवरा आपल्याकडे बघतो तरी. आठव्यात तिने केस मानेपर्यंत कापले. माझेही ह्यांनीच कापायला लावले होते. मग तिने माहेरी फोन करणं सोडलं. मग मी — नाही, थांब, आधी मी, मग ती... हल्ली क्रम लागत नाही मला.

मोजमापाचा कागद मात्र विचित्र आलाय. पुतळ्याची उंची पाच फूट एक. तू पाच फूट सहा तरी असशील. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, टाइप करताना सहाच्या जागी एक पडला. पडला असेल — पण ती दोन बटणं केवढी लांब असतात! पाच-एक मी आहे. आणि मान मोडलेली हवीय, उंचावरून पडल्यासारखी.

पंजा का उघडलास? दुखतंय? नाही ना, मग मीट. आठ मिनिटं राहिली.

तसं घाबरण्यासारखं काही नाही, मीच वेडी. मागच्या सीझनमधली बायको तळ्यात बुडते, बघितलं असशील. ह्यांची पहिली बायको तळ्यातच गेली, होडीतून तोल जाऊन. लपवलं नाही कुणी माझ्यापासून. सगळे म्हणतात, बिचाऱ्याने दुःख कागदावर उतरवलं — आधी घडलं, मग लिहिलं. मी तर ऐकून रडले होते, आणि हो म्हटलं होतं. काल फळी पुसायला त्या सीझनचा, माझ्या आधीच्या कारागिराने घेतलेला साचा खाली घेतला. साच्याच्या पाठीवर आम्ही तारीख कोरतो, ओला असतानाच. ह्यांची पहिली गेली त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख आहे. तीनदा वाचली मी.

आपल्याला वेळ आहे असं वाटत होतं मला. बाविसावा अजून लांब, डोंगरावर जायची आमची सुट्टीही तेव्हाच होती. पण परवा वाहिनीने दोन भाग कापले — विसाव्यात संपवा म्हणाले. म्हणून तर तुला आज असं घाईने बोलावलं. आणि आज सकाळी हे म्हणाले, सुट्टी पुढे कशाला ढकलायची, उद्याच निघू. दोघंच. दरीकडची खोली मिळतेय.

हात सोड ना माझा. अगं, केवढं घट्ट — काय, नको जाऊ? मान हलवू नकोस, कळलं मला. नको जाऊ म्हणतेस. आणि काय सांगू त्यांना? कागद चुकला म्हणून? — थांब. पावलं वाजली. — अहो, इकडे आहे, आत. झालंच, पाच मिनिटं. हिची काळजी नको, हिला दिसत नाही. ऐका ना — उद्या मी येत नाहीये. नाही, बरं आहे मला. येत नाही, एवढंच. तुम्ही जा. — अहो, दार का लावताय?