हिरवा चुडा

(दोह्यात वेस्ट बेमधल्या एका हॉटेलची लाँड्री. बबीता आणि नफिसा समोरासमोर उभ्या राहून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतात.)

बबीता : तू तिला समजाव नं. ती नवीन आलेली अंबिका सकाळपासून खोलीचं दार लावून बसलीय. दुपारपर्यंत ड्यूटीवर आली नाही तर मॅनेजर तिला परत गावाला धाडायलाय.

नफिसा : टोक नीट धर. आधी गोष्ट ऐक.

बबीता : आता गोष्ट?

नफिसा : रोज घड्या घालताना तूच मागतेस ना? काल माझ्या लेकीनं, इकरानं, फोनवर वाचून दाखवली. पोरगी इंग्लिशमधे वाचते, मी मराठीत ऐकते. आफ्रिकेतला योंकर. ओरलाम लोकांचा नायक, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या बापजाद्यांनी गोऱ्या शेतकऱ्याची चाकरी केली. इतका जाच, की शेवटी त्या शेतकऱ्याला गोळी घालून सगळं कुटुंब नदीपल्याड पळालं.

बबीता : बरं केलं. मेला असंल तो.

नफिसा : मेला. मग योंकर मोठा झाला, उत्तरेला गेला. गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी गाव वसवलं, मोठं चर्च बांधलं. लोक मान द्यायचे.

बबीता : शाबास. जाचातून आलेला माणूस असाच वर यावा.

नफिसा : वर आला आणि शेजारच्या हेरेरो लोकांवर उलटला. बंदुका हव्यात, दारू हवी, म्हणून त्यांची गुरं हाकून न्यायची. ज्यांची गुरं नेली त्यांनाच गुराखी म्हणून राबवायचं.

बबीता : शी. म्हणजे काल ज्याच्या पाठीवर वळ, आज त्याच्याच हातात चाबूक. माणसाची जातच घाण.

नफिसा : थांब, घाण पुढं आहे. ओकाहांजा नावाच्या गावावर त्यानं हल्ला केला. तिथल्या बायकांच्या हातापायांत तांब्याची कडी असायची. ती निघेनात. तिथल्या पाद्र्यांनी लिहून ठेवलंय, कडी काढायला त्याच्या माणसांनी बायकांचे हातपाय तोडले.

बबीता : अगं बस कर. बाईच्या अंगावरचा दागिना असा ओरबाडायचा? राक्षस होते का ते?

नफिसा : माणसंच होती. चर्चला जाणारी.

बबीता : असल्याचं तोंड बघू नये.

नफिसा : मी बघतेय. तासभर झाला, चादरीच्या या टोकावरून बघतेय.

बबीता : काय बोलायलीस तू?

नफिसा : अंबिकेच्या बांगड्या कशानं फोडल्यास?

बबीता : वाढवल्या म्हण गं. सवाष्णीच्या बांगड्यांना फोडल्या म्हणू नये.

नफिसा : सवाष्णीच्या फोडूही नयेत. कशानं?

बबीता : ट्रॉलीच्या दांड्यावर. मी काय हौसेनं केलं? आता सुपरवायझर मी, काचेचा तुकडा गेस्टच्या बिछान्यात गेला तर माझी नोकरी जाती. दोनदा ओढल्या, निघाल्या नाहीत. शिफ्ट सुरू व्हायची होती.

नफिसा : साबण होता. भिंतीएवढी खोकी भरलीत साबणाची या लाँड्रीत. लग्नाला महिना नाही झाला तिच्या. आईनं भरून दिलेला चुडा, नवरा तिकडे जिता आणि तू तिला उभ्या-उभ्या रांडाव केलंस.

बबीता : एकाच हाताच्या... म्हणजे, दुसरा हात तिनं ओढून घेतला.

नफिसा : तौबा. एक हात भरलेला, एक रिकामा. तशीच बसलीय ती. आणि तू इथं नवी आलीस तेव्हा, बबीता? ती जुनी सुपरवायझर आठवते? नळावर तुझ्याही बांगड्या फोडल्या होत्या तिनं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, नफिसाबी, या बाईच्या हातचं मी पाणी पिणार नाही.

बबीता : ती मुद्दाम करायची. मी ड्यूटीवर काच नको हा नियम पाळला.

नफिसा : तिनंही हेच सांगितलं होतं. याच नियमाचं नाव घेऊन.

बबीता : आता काय करू? मॅनेजर तर तिला धाडायलाय.

नफिसा : मला काय विचारतेस? किळस येते गो मला. तुझी येते, आणि तुला शिकवलं मीच, त्याची जास्त येते.

बबीता : स्टोअरमधे लांब बाह्यांचा शर्ट आहे ना? मनगटापर्यंतचा, बटणाचा. खाली पट्टी गुंडाळली की काच हलायची नाही. दुसऱ्या हाताच्या राहू दे. मॅनेजरला मी सांगते.

नफिसा : काय सांगशील?

बबीता : फोडल्या म्हणून. मी फोडल्या.

नफिसा : आणि तिला?

बबीता : तिलाही. तू चल ना सोबत. माझ्यासाठी दार उघडायची नाही ती.

नफिसा : नको उघडू दे. बाहेर बस. मी नाही यायची.

बबीता : बरं. ही एवढी चादर होऊ दे, मग जाते.

नफिसा : ठेव ते टोक खाली. घडी मी एकटीनं घालते.