आज्याचं मेडल

हासू नका, तुमाले सांगतो, ज्याच्या आज्याले मेडल भेटलं तो मानूस गप कायले बसन? वाशीमच्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगात मी नळाची तोटी शोधून राह्यलो होतो, अन् हाती आलं हे काळंकुट्ट पितळी मेडल! आंगठ्यानं पुसलं त 'स्मृतिपदक', खाली आमच्या मेडशीजवळच्या तांड्याचं नाव, अन् त्याच्याखाली 'रतनसिंग, उत्कृष्ट नायक'. रतनसिंग म्हंजे माहा आजा. नायक म्हंजे तांड्याचा मुखिया... अजून काय पुरावा पाह्यजे? आता मले सांगा, माहं काय चुकलं?

कारन आमच्यात होळी पेटवायचा मान नायकाच्या घराले, अन् तो मान आत्ताचा नायक फुलसिंग आपलाच म्हनून धरून बसला, दरसाल मिशीले पीळ देत. मी मेडल गळ्यात घातलं अन् सरळ पारावर. म्हनलं, "फुलसिंगभाऊ, तुह्या आज्याले कोनं कवा उत्कृष्ट म्हनलं का?" सारा तांडा मेडल पाहाले गोळा झाला. बायको गोमती तेवढी म्हने, "अवो, आंदी घासून त पाहा." म्हनलं, इतिहास घासत नसतात, गोमते. चुकलं का माहं?

पन फुलसिंग वस्ताद, चिंच घेऊनच आला. "घासू दे न किशन, आमाले बी दर्शन होऊ दे." घासलं बाप्पा त्यानं... खसाखसा... अन् 'य'च्या आंदी वेलांटी निंगाली. मी म्हनलं, ओरखडा हाय. मंग 'क'ले काना निंगाला. आता दोन-दोन ओरखडे कुठून आनू? अन् फुलसिंग कसा, एकेक अक्षर चाखत वाचते, "उत्... कृष्ट... ना... यि... का."

तांड्यातली सगळ्यात म्हतारी नानीबाई, ते म्हने, "हो न बापा, तांड्याच्या नाटकात रतन्याच बाई झाला होता. घागरा माहाच होता. काय लाजे, काय लाजे... आमाले बी तसं लाजता ये नाई."

मले सांगा, अक्षरं झिजली ते चूक माही? नाटकवाल्यायनं आज्याले बाई केलं, ते बी माही?

होळी फुलसिंगनंच पेटवली, हे काय सांगाले पाह्यजे? पन तांडा दिलदार हाय, मले बी मान देल्ला. औंदाच्या नाटकात बाईचं काम माह्याकडं. म्हनलं, मलेच काहून? त म्हने, घरान्यातच हाय. आता रोज गोमती मले लाजाले शिकवून राह्यली... अन् रोज म्हनते, आज्यासारखं नाई जमत तुमाले.