चांगल्या पायातला खिळा

आमचं मूळ मांडवगणचं. आज्यानं येशूला मानलं तवा भावकीनं घर तोडलं, मंग तो बायकापोरं घेऊन मिशनच्या आसऱ्याला शिरूरला आला, आन् मी तिथंच लोखंडकाम शिकलो. नाव शांतवन, पर बाजारात सगळी मला मिस्तरीच म्हणायची. बैलांच्या खुरांना पत्री, म्हंजी लोखंडी नाल, मारायचं माझं काम. दोर टाकून बैल आडवा करायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आन् पत्री ठोकायची. काय सांगू तुम्हाला, हात असा हलका की बैल हूं का चूं करायचा न्हाई. बढाई म्हणून सांगत न्हाई. त्याच हातानं जे केलं ते आता सांगायचंय, म्हणून सांगतो.

दौलतशेठ म्हणून बैलांचा व्यापारी होता, बोलायला साखर. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली तो एक पांढरा बैल घेऊन आला, दिसायला राजा, पर पुढच्या उजव्या पायानं लंगडा. मला म्हणला, मिस्तरी, डाव्या पायात एक खिळा जरा खोल जाऊ द्या. मला कळंना, म्हणलं शेठ, डावा तर चांगला हाय. तो हसला. म्हणला, एक पाय दुखला तर बैल लंगडतो, दोन दुखले तर नुसता हळू चालतो, आन् हळू चालणाऱ्या बैलाला लोक गरीब म्हणत्यात.

मी मारला. कुणी बळजोरी केली न्हाई, घरात चूल बंद होती असंबी न्हाई. शेठ गिऱ्हाईक आणून द्यायचा, त्याचं मन कशाला मोडा, एवढंच. त्या दिवशी बैल वरडला.

तो बैल न्हावऱ्याच्या गेनूआबांनी घेतला. म्हातारा माणूस, ल्योक वारलेला, सून आन् ते अशी दोघंच शेत करायची. आबा माझ्यासमोरच म्हणले, सुनेला हाकता यील असा गरीब बैल पायजे होता, देवानं दिला बघा. मी हत्यारं गोळा करत होतो. मान वर केली न्हाई.

वीसेक दिवसांनी आबा तोच बैल घेऊन माझ्या दारात. रमतगमत, वाटंत मुक्काम करून आणलेला. म्हणले, मिस्तरी, जनावर गुणाचं हाय, पर सारखं बसतंय, तुमचा हात चांगला म्हणून दुसरीकडं नेलं न्हाई. बैल पाडला, खिळा काढला, तर त्याच्यामागनं पू आला. आबा बैलाचं तोंड मांडीवर घेऊन बसलेले, त्याला म्हणत होते, थांब माझ्या राजा, झालंच, मिस्तरी हायती ना. आन् मी काय म्हणलो? खडा लागला असंल, आबा. खिळ्यापेक्षा मला ह्या शब्दाचं जास्त लागतं. खिळ्याची अक्कल तरी शेठची होती, हे माझं मीच काढलेलं.

बैल कामातनं गेला. गावाची पेरणी उरकल्यावर, शेजाऱ्यांकडनं मागून आणलेल्या बैलांवर आबांनी पेरलं. हे कळलं तवा मी यष्टीनं न्हावऱ्याला गेलो आन् अंगणात उभं राहून सगळं सांगून टाकलं. सुनेनं पाण्याचा तांब्या आणला होता, तो तिच्या हातातच राहिला. आबा म्हणले, व्यापारी खोटं बोलणारच, ते धरूनच आम्ही बाजारात येतो. पर बैल मी त्याच्या तोंडावर न्हाई घेतला, तुमच्या पत्रीवर घेतला. मी माफी मागितली. म्हणले, न्हाई करत. जावा.

तवापासनं नेम धरला. विकाऊ बैल आला की आधी जुनी पत्री काढायची, चारचौघांत अनवाणी चालवायचा, आन् लंगडा निघाला तर मालक कुणीबी असो, पत्री न्हाई.

दौलतशेठ पुढच्याच बाजारी काळा बैल घेऊन आला. मी म्हणलं, शेठ, चालवा. तो म्हणला, ओळख इसरला का मिस्तरी? म्हणलं, चालवा. बैल चार पावलं चालला. मागचा उजवा गेलाय शेठ, मी न्हाई मारणार, आन् दुसऱ्या कुणी मारली तर घेणाऱ्याला जाऊन सांगणार. तसा तो जवळ आला, हळू म्हणला, पाद्रीबाबा, तुमचं प्रवचन रविवारी ठेवा, न्हाईतर तो पांढरा बैल सगळ्या बाजाराला सांगीन. मी म्हणलं, तुम्ही कशाला तसदी घेता? आन् दगडावर चढून मीच सांगितलं, मोठ्यानं, आबांच्या नावागावासकट. कुणी हसलं, कुणी थुंकलं. शेठचं तोंड मातूर बघण्यासारखं झालं होतं.

व्यापारी तुटले ते तुटलेच. शेतकरीबी बिचकले, आपल्या तोंडानं कबूल करणाऱ्याकडं बैल कोण नेणार? मार्था, माझी बायको, म्हणली, आता तुमचं खरं बोलणंच शिजायला टाकू का? पोरं काय बायबल खात्यात? तिचं चुकलं असं मी कवाच म्हणणार न्हाई. आम्ही दौंडला आलो. ती रेल्वेच्या सायबांच्या घरी भांडी घासायची, मी विळ्या-कुऱ्हाडींना धार लावायचो. पत्रीचं काम हळूहळू लागलं, बेताचंच हाय. अजून बाजाराला कुणीतरी येतोच, मिस्तरी, एकच खिळा. न्हाई म्हणलं की म्हणतो, मंग उपाशी मर. म्हणलं, बघू कोण मरतंय.

पाळकसाहेब म्हणत्यात, शांतवन, देवानं कवाच माफ केलं, तुम्हीच धरून बसलाय. देवानं केलं असंल. आबांनी केलं न्हाई, आन् आता ते राहिलेबी न्हाईत. बरंच केलं त्यांनी. माफ केलं असतं तर चार महिन्यांत मी शेठसाठी परत हातोडी उचलली असती, मी मला चांगला वळखतो.

तुमच्या दावणीच्या बैलांना देव सुखात ठेवो. विकायच्या आधी पत्री मारायची असंल तर घेऊन या. पर आधी अनवाणी चालवीन, तुमचा असला तरी.