शेळ्या, रोपं आणि नाहिद मॅडम

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय मोहिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, उदगीरहून आलेले कलीमभाई, ज्यांना आज निरोप द्यायचा आहे त्या आमच्या नाहिद मॅडम आणि नियोजन कार्यालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मघाशी चहा घेताना कलीमभाईंनी मला हसत विचारलं, "आमच्या बेगम इथं नेमकं करत काय होत्या?" एवढ्या वर्षांच्या संसारात कळलं नाही का, असं मी म्हणणार होते. पण हा संसार सुट्ट्यांपुरताच झाला. ते उदगीरच्या शाळेत शिक्षक, मॅडम इथे हिंगोलीत.

तर सांगते. प्रत्येक विभागाची योजना आपापल्या जागी चांगलीच असते. ती शेजारच्या योजनेच्या मुळावर तर येत नाही ना, हे मॅडम पाहायच्या.

नरसीच्या पलीकडे एका गावात एका विभागाने बायकांना शेळ्या दिल्या. त्याच वर्षी दुसऱ्याने गायरानात रोपं लावून चराई बंद केली. दोन्हीकडचे अहवाल उत्तम. ज्यांना शेळ्या मिळाल्या होत्या, त्या सिंधूबाई मात्र चारा नाही म्हणून त्या विकायला निघाल्या होत्या. मॅडमनी दोन्ही विभागांच्या साहेबांना एकाच जीपमध्ये बसवून तिथे नेलं. मीही होते.

सिंधूबाई म्हणाल्या, "एकानं शेळ्या देल्या, एकानं रान बंद केलं. आता ह्याइला तुमच्या हापिसात चारायला आणू का?"

रोपंवाले साहेब नियम समजावू लागले. मॅडमनी शेळीचा दोर त्यांच्या हातात दिला. "जरा धरा, मी हद्द बघून येते." शेळीने साहेबांना थेट रोपांपर्यंत ओढत नेलं.

"माझी योजना तुमची योजना खाऊन राहिली, साहेब," सिंधूबाई म्हणाल्या.

मग मात्र बोलणी झाली. आधी गायरानातल्या ओढ्याच्या वरची बाजू बंद ठेवायची, खाली शेळ्या चरू द्यायच्या; वरची झाडं उंच झाली की खालची बंद. शेळ्या सिंधूबाईंच्या दारात राहिल्या.

गेल्या आठवड्यात मी मॅडमना म्हटलं, निवृत्तीनंतर वर्षभर करारावर थांबा ना. त्या म्हणाल्या, "आणि कलीम?" एवढंच. त्यांनी आपल्या माणसाजवळ राहावं, असं मला मनापासून वाटतं. आणि उद्या सकाळी त्या समोरच्या टेबलापाशी चष्मा पुसत बसलेल्या दिसाव्यात, असंही तितकंच वाटतं. मला हे दोन्ही जुळवता आलेलं नाही.

कलीमभाई, त्यांना घेऊन जा. गाडीत त्या चष्मा पुसत बसल्या, तर थोडा वेळ पुसू द्या. आम्ही इथे त्यांचं टेबल पुसून ठेवू.

हातातली कामं टाकून आपण सगळे आलात, त्याबद्दल ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आजच्या दिवशी मला सांभाळून घ्या.