बनातला शेवटचा लिंब

—न्हाई, सावलीला बसा, सावलीला कुनाची मनाई न्हाई. पर मगाशी बुंध्याला हात लावून वर कावून बघितलं? टेकायला? टेकनारा मानूस वर बघत न्हाई, पाव्हणं. वर बघतो सुतार — खोड सरळ हाय का, माळवदाची तुळई निघंल का. मी तात्याबा, मसोबाच्या ह्या बनाची राखन माझ्याकडं हाय, मला नका शिकवू. शहादेवनं धाडलंय ना तुमाला? त्याच्या धाकट्याचं लगीन ठरलंय, खबर हाय मला.

न्हाई म्हनता. समदे न्हाईच म्हनतेत. बन कुटं हाय म्हनून काय इचारता — हेच बन, तुमी टेकलाव त्यो एक लिंब, तेवढंच. संवत छप्पनच्या दुष्काळात, माझ्या पोरपनी, गाव रितं झालतं, चार-सहा चुली उरल्या, तवा हितं दिवसा शिरायला भ्याव वाटायचं अशी झाडी. मंग मान्सं परतली, लेकरं जगाय लागली — चांगलंच की, लेकरं जगू न्हाई असं कोन म्हनंल? पर आमच्यात रीत हाय. पोरगं लग्नाचं झालं की त्याचं घर येगळं, अन् त्या घराची तुळई देवाच्या बनातली. एका लग्नाला एक झाड. चार-सहा चुलींना ती रीत सोसली, गावभर चुलींना कशी सोसावी? गायरानबी नांगरलं — खानारी तोंडं वाढली, मान्सानं करावं काय? दर खेपंला देवाला कौल लावायचा. देव कदी न्हाई म्हनला न्हाई. कौल मीच लावतो, म्हना.

झाडं गेली तशी माळाची माती वढ्यात आली, वढा बुजला, गावचा आड आटला. आता बाया दोन कोस जातेत पान्याला, युसूफ वडगावच्या वाटंला. पहाटं निघालेली बाई दुपारी घरी येती. माझी सून भिवराबाई — तिची मान बघा एकदा, घागरीनं पार दबली. — पान्याचं इतकं खोदून कावून इचारता? निजाम सरकारच्या तहसिलीतलं मानूस तर न्हाई ना तुमी? न्हाई? बरं.

मंग सांगतो, पर शहादेवच्या कानावर घालू नका. हे झाड मी देवासाठी राखलं न्हाई. माझ्या नातवासाठी राखलंय, धर्मराजसाठी. गुनाचं पोरगं हाय, पर आसपासच्या गावात त्याला कुनी पोरगी देईना — आमच्या पान्याचं समद्यास्नी ठावं. म्हनून लांब चकलांब्याला सोयरीक काढली. आड तुडुंब हाय म्हनून निरोप धाडलाय. इतक्या लांबच्या मान्सास्नी काय ठावं? ह्या हप्त्यात पोरीचा मामा घर बघाय येनार हाय. बायास्नी सांगून ठिवलंय, त्यो यायच्या आत समदे रांजन काठोकाठ भरून ठिवा. लगीन झालं की मंग पोरगी कुटं जाती? रडंल चार दिस, अन् उचलंल घागर. समद्याच उचलतेत.

असं बघू नका. तुमचं गाव कंचं, ते तर सांगितलंच न्हाई तुमी.

चकलांबा.

पाव्हणं, बसा की. पागोटं कावून उचललं? म्हातारा मानूस मी, काय बी बडबडतो. घराकडं चला, गूळ-पानी घ्या. पोरगं तरी बघा एकदा — त्याचा काय गुन्हा? न्हाई?

मी धर्मराजला काय सांगू, तेवढं तरी सांगून जावा.

न्हाई, नका सांगू. जावा.