अब्दोनने काढून दिलेलं चाक

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती एल्विरा पुलिदो, व्यासपीठावरचे फादर एलिसेओ, सान रोके दूध सहकारी संस्थेचे संचालक, ड्रायव्हर मंडळी, आणि ज्यांच्या गायींमुळे आपण सगळे जेवतो ते माझे बंधुभगिनी,

अब्दोन चापार्रोला आज निवृत्तीच्या सत्कारासाठी या खुर्चीवर बसवायला काय मोजावं लागलं ते आधी सांगतो. सात आठवड्यांची मनधरणी, त्याच्या पत्नी नुबियाबाईंची मध्यस्थी, 'वर्कशॉपची तपासणी आहे, अंघोळ करून या' असा एक खोटा निरोप, आणि माझं भाषण दहा मिनिटांत संपेल हे वचन. यातलं शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

अब्दोन बत्तीस वर्षं आपल्या वर्कशॉपचा प्रमुख होता. तुम्ही त्याला मेकॅनिक म्हणून ओळखता. मी त्याला अकराव्या वर्षापासून ओळखतो, आणि माझं म्हणणं असं, की हा माणूस कसा होणार ते तेव्हाच ठरून गेलं होतं.

शाळेत सायकलचा संघ निघाला. अवेया मास्तरांनी विचारलं, म्होरक्या कोण होणार? सगळ्या वर्गाचे हात वर. माझे तर दोन्ही. मग विचारलं, ग्रेगारियो कोण? म्हणजे म्होरक्यासाठी वारा छातीवर घेणारा, त्याला पाणी पोचवणारा, त्याचं चाक फुटलं तर स्वतःचं काढून देणारा. वर्ग एकदम अभ्यासू झाला, माना वह्यांत गेल्या. एकच हात वर गेला, अब्दोनचा. बाहेर आल्यावर मी त्याला वेड्यात काढलं. आमच्या बोयाकात शिवीसुद्धा 'आपण' म्हणूनच देतात. तो शांतपणे म्हणाला, "लिसांद्रो, आपण गाढव आहात. पण आपण व्हा पुढे, मी आहे मागे."

तीन वर्षांनी शाळांची मोठी शर्यत आली. शेवटच्या रेषेवर बोगोटाच्या एका संघाचा माणूस उभा होता. पहिला येईल त्याला तो नेणार होता. जागा एकच. खिंडीच्या जरा अलीकडे माझं पुढचं चाक फुटलं. वळून पाहतो तर अब्दोन आधीच उतरून आपलं चाक काढत होता. "घ्या आणि निघा," एवढंच म्हणाला. मी आभारही मानले नाहीत. घाईत होतो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

माझं फुटकं चाक घेऊन तो शेजारच्या टपरीवर गेला. तिथे ट्रकवाल्यांसाठी गुळाचं पाणीही मिळायचं आणि ट्यूबचं ठिगळही. टपरीवालीच्या मुलीने पंप धरला. ती मुलगी आज पहिल्या रांगेत बसली आहे. नुबियाबाई, लाजू नका, लग्नाला पस्तीस वर्षं झाली.

मी पहिला आलो. बोगोटाला गेलो, तीन हंगाम सायकल मारली, खांदा मोडून परतलो. पण त्या हंगामांनी ओळखी दिल्या, ओळखींनी पहिला ट्रक दिला, आणि आज संस्थेचं दूध माझ्या चौदा ट्रकांतून जातं. माझ्या ऑफिसात त्या शर्यतीचा फोटो आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगतो, त्या चढावर माझ्या आसपास कोणी नव्हतं. निम्म्या सभागृहाने हे ऐकलंय. उरलेल्यांनी दोनदा.

आणि अब्दोन? रोज शेवटचा ट्रक निघाला की याची जुनी गाडी त्याच्या मागे. दरड कोसळली त्या वर्षी एक ट्रक डोंगरात बंद पडला. याने आपल्या गाडीची बॅटरी काढून त्याला लावली, दूध वेळेवर पोचलं, आणि हा स्वतः मेंढ्यांच्या गोठ्यात दीड दिवस बसून राहिला. ड्रायव्हर मंडळींनो, घाटात तुम्ही आरशात काय बघता, ते मला माहीत आहे.

पण मला एक गोष्ट इतकी वर्षं टोचत होती. बोगोटाची ती जागा खरं तर त्याची होती का? मी माझ्या मित्राचं आयुष्य घेऊन पळालो का? विचारायला धीर होत नव्हता. निरोपाची तारीख जवळ आली तेव्हा गेल्या गुरुवारी वर्कशॉपात गेलो. हा ट्रकखाली, बाहेर फक्त बूट. मी त्या बुटांना विचारलं, "अब्दोन, आपण पस्तावलात का कधी?"

बराच वेळ ठोकाठोकी चालली. मग आतून आवाज आला. "पुढे असलं की नुसता रस्ता दिसतो. मागे असलं की माणसं दिसतात, कोण दमलंय तेही कळतं. मला तेव्हाही तेच आवडायचं. आपण उगाच इतकी वर्षं झोप घालवलीत. तेरा नंबरचा पाना द्या."

मी चौदाचा दिला. तो त्याने परत सरकवला.

मंडळी, दहा मिनिटं झाली, अध्यक्षा घड्याळ बघताहेत. पहाटेपासून मक्याचे आरेपा भाजणाऱ्या भगिनींचे, शाळेचे, आणि गाईंची धार उरकून धावत आलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, थट्टा कुणाला लागली असेल, तर जीभ माझी सैल आहे, मन नाही, असं समजून पोटात घाला.

बसण्यापूर्वी एकच. त्या शर्यतीचा निकाल आपल्या चिटणीसांनी शाळेच्या कपाटातून शोधून काढला. त्या दिवशी मी फोटोत गुंतलो होतो, अब्दोन कधी आला ते पाहिलंच नव्हतं. तो कागद मी आज सकाळी प्रथम वाचला. नुबियाबाई सांगतात, अब्दोन टपरीवर पंधरा मिनिटं थांबला होता. निकालात तो दुसरा आहे. माझ्यामागे चार मिनिटांनी.